वॉशिंग्टन डी.सी.मध्ये कृष्णवर्णीय स्त्रियांचा आणि नागरी हक्कांचा इतिहास कुठे पाहता येईल?

आफ्रिकन-अमेरिकन संग्रहालय पाहायचं तुमचं ठरलेलंच आहे आणि आणखी एक दिवस हाताशी आहे, तर तो शहराच्या वस्त्यांमध्ये घालवा. मी शेजारच्या मेरीलँडमध्ये राहते, पाहुण्यांना आवर्जून तिकडेच नेते. लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर सगळ्यांना १९६३ मधलं मार्टिन ल्यूथर किंग यांचं भाषण आठवतं. पण त्याच्या दहा वर्षं आधी या राजधानीतल्या खानावळींची दारं कृष्णवर्णीयांसाठी उघडायला लावली ती मेरी चर्च टेरेल या वयोवृद्ध बाईंनी, आणि त्यांचं नाव बहुतेकांनी ऐकलेलंही नसतं.

टेरेलबाईंचा जन्म १८६३ चा, आई-वडील गुलामीतून सुटलेले. १९५० च्या फेब्रुवारीत, ८६ व्या वर्षी, त्या सोबत्यांना घेऊन १४ व्या रस्त्यावरच्या थॉम्पसन्स कॅफेटेरियात गेल्या. व्हाइट हाऊस तिथून अगदी जवळ. हातात ट्रे घेऊन रांगेत उभ्या राहिल्या, आणि काळ्या माणसांना इथे जेवण मिळत नाही म्हणून त्यांना परत पाठवलं. खरं तर कायदा त्यांच्याच बाजूचा होता! रंग पाहून गिऱ्हाईक नाकारायचं नाही, असे १८७२ आणि १८७३ चे नियम शहरात होते. पुढे कायद्याच्या पुस्तकातून ते गळाले, पण रद्द कुणीच केले नव्हते. खटला तीन वर्षं चालला. तोवर बाई काठी टेकत दुकानांपुढे निदर्शनं करत होत्या. ८ जून १९५३ ला सर्वोच्च न्यायालयाने ते जुने नियम लागू असल्याचा निकाल दिला. काही दिवसांतच बाई पुन्हा थॉम्पसन्समध्ये गेल्या आणि जेवल्या. लेड्रॉइट पार्कमधल्या टी स्ट्रीटवर त्यांचं घर आहे. बाहेरूनच पाहायचं, पण जा.

तिथून व्हरमाँट अॅव्हेन्यूवरचं, शिक्षिका आणि नागरी हक्कांच्या कार्यकर्त्या मेरी मॅक्लाउड बेथ्यून यांचं घर फार लांब नाही. कृष्णवर्णीय स्त्रियांच्या राष्ट्रीय परिषदेचं मुख्य कार्यालय १९४३ पासून तिथेच होतं. उघडं आहे का, ते आधी पाहून घ्या. वाटेत यू स्ट्रीटला १९५८ पासूनचं बेन्स चिली बोल हे खाण्याचं ठिकाण लागतं, मांसाहार करत नसाल तर शाकाहारी चिलीही (घेवड्याची मसालेदार उसळ) मिळते.

शेवटी लिंकन पार्कला जाच. तिथे १८७६ चा जुना पुतळा आहे: लिंकन उभे, पायाशी गुडघे टेकलेला मुक्त गुलाम. त्याचा खर्च मुक्त झालेल्या गुलामांनीच वर्गणी काढून उचलला होता, आणि पहिले पाच डॉलर शार्लट स्कॉट नावाच्या बाईंनी दिले होते. तरी त्यातला तो वाकलेला माणूस मला दर वेळी खटकतो. समोर १९७४ मध्ये उभारलेला बेथ्यूनबाईंचा पुतळा आहे, दोन मुलांच्या हाती आपला वारसा सोपवताना. त्यांच्याकडे पाठ होऊ नये म्हणून लिंकनचा पुतळा चक्क फिरवून बसवला. जवळचं मेट्रो स्टेशन ईस्टर्न मार्केट, तिथून चालत जाता येतं.