गाणं लिहिताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी मराठी रॅप लिहितो. विषय चाळ, लोकल आणि संघर्ष. सुरुवातीला दाद मिळाली, आता मित्र म्हणतात, 'पुढची ओळ आम्हालाच कळते.' विषय सोडू का?
– एक वाचक, विक्रोळी, मुंबई

उत्तर : विषय सोडायची घाई नको. दुखणं बहुधा चाळीत नाही, 'मी'मध्ये आहे. संघर्षाचं गाणं म्हटलं की बोलणारा 'मी', काळ वर्तमान, आणि मराठीत क्रियापद येतं वाक्याच्या शेवटी. मग प्रत्येक ओळ 'लढतो, पडतो, चढतो'वर जाऊन आदळते. यमक फुकटात मिळतं, म्हणूनच ते ऐकणाऱ्यालाही आधी कळतं.

सगळी गाणी कागदावर उतरवा आणि फक्त ओळींच्या शेवटच्या शब्दांखाली रेघ मारा. निम्म्याहून जास्त क्रियापदं निघाली, तर ती ओळीच्या आत ढकला आणि शेवटी नाम आणा. 'रोज पडतो, पुन्हा चढतो' याऐवजी 'पुन्हा चढलो तोच जिना, भाड्याचा आला महिना'. आता जिना दिसतो, आणि तिसऱ्या ओळीत घरमालकाला यायला वाट झाली.

मग बोलणारा बदला. तीच खोली नळावर पाळी लावून उभ्या असलेल्या आईच्या तोंडून आली, तर 'संघर्ष' हा शब्द ती उच्चारणारही नाही; हंडा म्हणेल, पाणी गेलं म्हणेल. अण्णा भाऊ साठे यांची 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड (लावणीचा एक प्रकार) पाहा. गाणं संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचं, पण आत शिरतं ते मुंबईत आलेल्या माणसाच्या विरहातून.

शेवटी मोजमाप मोडा. ९० बीपीएमवर (मिनिटाला ९० ठोके) १६ बारचं (चार ठोक्यांचा एक बार) कडवं साधारण ४३ सेकंद चालतं, आणि तेवढी जागा हात सवयीनं भरून टाकतो. तोच मजकूर अभंगाच्या साच्यात घालून बघा : ६, ६, ६, ४ अक्षरं, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला यमक. शेवटच्या चरणात 'संघर्ष' घातलात तर तीन अक्षरं गेली, उरतं एक! हा निव्वळ रियाज आहे, रेकॉर्ड करायचा नाही. इथे हमखास चूक होते ती जुनीच ओळ ताणून किंवा कापून बसवण्याची. साचा बदलतो, वाक्य तेच राहतं.

प्रश्न : मी आधी चाल बांधतो, शब्द नंतर. पण प्रत्येक चालीत पाऊसच येतो.
– एक वाचक, बोरिवली

उत्तर : चाल बांधताना डमी, म्हणजे खरे शब्द येईपर्यंतचे तात्पुरते शब्द, कोणते गुणगुणता? 'रिमझिम, थेंब, ओली' असतील तर ते चालीला चिकटतात आणि नंतर दुसरा शब्द जिभेला खोटा वाटतो. डमीला अर्थच नको. पश्चिम रेल्वेची स्टेशनं गा : मरीन लाइन्स, चर्नी रोड, ग्रँट रोड. कुठे लांब अक्षर हवं, कुठे आखूड, तेवढं कळतं. मुखडा आणि अंतरा यांना मात्र वेगवेगळी स्टेशनं घ्या, नाहीतर दोन्हींचं वजन एकच होऊन बसेल.