साडेएक का नाही? दीड, अडीच आणि मागे पडलेलं औट

अमळनेरहून एका शिक्षिकेची विचारणा आहे : मुलं 'साडेएक', 'साडेदोन' म्हणतात. साडेतीन, साडेचार चालतं, तर हे का चालू नये? आणि 'औट घटकेचं राज्य' यातलं औट म्हणजे किती?

औट म्हणजे साडेतीन. घटका 24 मिनिटांची, म्हणजे हे राज्य हिशेबाने 84 मिनिटांचं.

मुलांचा तर्क चुकलेला नाही. आपल्याकडे अर्ध मोजायच्या दोन रीती आहेत आणि मुलं एकच रीत सगळीकडे लावतात, एवढंच. 'साडे' आलं संस्कृत 'सार्ध'वरून, म्हणजे अर्ध्यासह. तीन आणि वर अर्धा. दुसऱ्या रीतीत नाव घ्यायचं ते अजून पुरी न झालेल्या संख्येचं. अर्धतृतीय म्हणजे दोन पुरे, तिसरा अर्धा. यावरून प्राकृतात अड्ढाइज्ज आणि मराठीत अडीच. (अडीचमधला 'च' जोर देणारा नव्हे. जोर द्यायचा तर आपण 'अडीचच' म्हणतो!) तसंच अर्धचतुर्थ, प्राकृत अद्धुट्ठ, मराठी औट. 'दीड'चं घराणंही हेच : एक पुरा, दुसरा अर्धा.

जुनं वाचताना इथेच पाय घसरतो. 'अर्धचतुर्थ' पाहून कोणी चाराचं अर्ध म्हणून 2 धरतो, कोणी चार आणि अर्धा म्हणून 4½. दोन्ही चूक, नाव घेतलेल्या संख्येतून अर्धा कमी करायचा, 3½. शुल्बसूत्रांतल्या (यज्ञवेदी बांधायच्या वैदिक ग्रंथांतल्या) अग्निवेदीचं क्षेत्रफळ साडेसात चौरस पुरुष ('पुरुष' हे लांबीचं माप), त्याला 'अर्धाष्टम' म्हणतात ते याच हिशेबाने.

दीड किती जुना? कलिंगातून नेलेल्या माणसांची संख्या अशोकाने तेराव्या शिलालेखात दिली आहे. कालसीच्या प्रतीत शब्द आहे 'दियढ', पुढे शतसहस्र. म्हणजे दीड लाख, आज आपण म्हणतो अगदी तसंच, सुमारे पावणेतेवीसशे वर्षांपूर्वी. ही रीत बाहेरही आहे. जर्मन लोक अडीच वाजले की 'अर्धे तीन' म्हणतात. डॅनिशमध्ये पन्नासाचा शब्दच मुळात 'अर्धतृतीय वेळा वीस' असा आहे : 2½ × 20.

चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणे इथे भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. तिथला शके 1128 चा शिलालेख प्रसिद्ध आहे आणि त्याचा काही भाग जुन्या मराठीत आहे. त्या मठात शिकवायच्या लीलावतीत पूर्णांकात अपूर्णांक मिळवण्याला 'भागानुबंध' आणि वजा करण्याला 'भागापवाह' अशी नावं आहेत. आपले सव्वा (सपाद) आणि साडे पहिल्यात बसतात. पाऊण, पावणेदोन (पादोन, पाव कमी) दुसऱ्यात. अडीच मात्र दोन्हींत नीट बसत नाही, कारण तिथे मिळवणं नाही की वजाबाकी नाही, नुसती मोजणी आहे. मला तरी ही तिसरी तऱ्हा वाटते.

मग औट का गेलं आणि अडीच का राहिलं? दीड-अडीच रोज तोंडात. दीड शेर, अडीचशे, दीड वावर. घासून घासून हे शब्द गुळगुळीत झाले, पण हलले नाहीत. साडेतीनाची गरज कमी, म्हणून नियमित रूपाने औटाची जागा घेतली. आखाजी (अक्षय्य तृतीया) ज्यात मोजली जाते ते मुहूर्त साडेतीन, सप्तशृंगगड धरून पीठंही साडेतीन. औट कुणी म्हणत नाही. औट उरलं ते वाक्प्रचारात, 'औट हात' (साडेतीन हातांच्या) देहात आणि औटकीच्या, म्हणजे साडेतीनाच्या पाढ्यात. सीमेपलीकडे गुजरातीत हाच पाढा 'ऊठां'. आणि 'ऊठां भणाववां' म्हणजे थापा मारून फसवणं.

जाता जाता : 'दीड रुपया', 'सव्वा महिना' एकवचनी, पण 'अडीच रुपये' अनेकवचनी. पुरा एकच असेल तर एकवचन. 'दीड रुपये' कानाला खटकतं ते यामुळे.

मुलांना 'चूक' म्हणण्यापेक्षा औटकी करून दाखवा. सात औट किती? साताची चौपट 28, त्यातून साताचं अर्ध 3½ काढा, 24½. सात अडीच? तिप्पट 21, त्यातून 3½ गेले, 17½. दीड? दुप्पट 14, वजा 3½, 10½. तिन्हींत चौथा, तिसरा, दुसरा अर्धाच आहे, हे पोरांना फळ्यावर दिसतं.