दिवाळी अंकासाठी पहिली कथा लिहिताना

सुचलं की लिहीन, म्हणून थांबू नकोस गं. दिवाळी अंकांचे बहुतेक संपादक पावसाळ्यातच साहित्य मागवतात. १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाने रुजवलेल्या या परंपरेत नवख्यांनाही जागा मिळते, पण कथा वेळेत तयार हवी. मी पहाटे पाण्याची मोटर लावते आणि टाकी भरेपर्यंत, विसेक मिनिटं, लिहिते. मोबाइल दुसऱ्या खोलीत. तुला रात्र मानवत असेल तर रात्री बस, वेळ मात्र रोज तीच ठेव. विषय हवाय? एसटीत सुट्ट्या पैशांवरून कंडक्टरशी हुज्जत घालणाऱ्या आजींचं बोलणं घरी येताच जसंच्या तसं वहीत उतरव. माझ्या दोन कथा अशाच टिपणांतून निघाल्या. आणि उठताना शेवटचं वाक्य मुद्दाम अर्धवट सोड, दुसऱ्या दिवशी तिथूनच हात चालतो.