जुन्या पीसीवर यूएसबी कीबोर्ड विंडोजमध्ये चालतो, पण बायोसमध्ये जायला डिलीट दाबलं तर काहीच होत नाही, काय करू?

कीबोर्ड चांगला आहे, टाकू नका. विंडोज सुरू झालं की त्याचा स्वतःचा ड्रायव्हर कीबोर्ड सांभाळतो, त्याआधी सगळं बायोसच्या (मदरबोर्डवरच्या, पीसी सुरू करणाऱ्या प्रोग्रामच्या) हातात, आणि तिथे 'यूएसबी लेगसी सपोर्ट' डिसेबल असेल तर कीबोर्ड त्याला दिसतच नाही. आता गंमत अशी की ते एनेबल करायलाही कीबोर्डच लागतो! म्हणून कोणाकडून तरी जांभळ्या गोल पिनवाला पीएस/२ कीबोर्ड मागून आणा, पीसी बंद असतानाच लावा (चालू असताना लावून मदरबोर्डवरचा फ्यूज उडवू नका), सेटिंग एनेबल करून सेव्ह करा.

यूएसबीचं पीएस/२ करणारा छोटा अडॅप्टर घ्यायला जाऊ नका, तो फक्त वायरी जोडतो, कीबोर्डलाच दोन्ही प्रोटोकॉल (पीसीशी बोलायच्या पद्धती) येत असतील तरच चालतो, नव्यांतल्या बऱ्याच जणांना येत नाहीत.

आमच्या फोंड्याच्या घरी तर हे सेटिंग पावसाळ्यात लाइट गेली की परत डिसेबल व्हायचं, घड्याळही मागे जायचं, मी उगाच कीबोर्डला शिव्या घालत होतो, शेवटी मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदलला, नाण्याएवढा असतो, लाइट नसताना सेटिंग आणि घड्याळ तोच जपतो, तेव्हा कुठे थांबलं.