सांगलीतील नागरी सहकारी बँकेसाठी सीएमडीबीची आखणी कशी करावी?

आपला प्रश्न असा आहे की, सांगली-मिरज परिसरात १४ शाखा असलेल्या आपल्या बँकेची सर्व संगणकीय मालमत्ता आज एका एक्सेल फाइलमध्ये नोंदलेली असून, त्याऐवजी सीएमडीबी (कॉन्फिगरेशन मॅनेजमेंट डेटाबेस, म्हणजे यंत्रणा आणि त्यांच्यातील संबंधांची नोंद) उभारण्यासाठी कोणते सॉफ्टवेअर घ्यावे. मी याच शहरात संस्थांच्या संगणक विभागांसाठी काम करतो. माझ्या मते सॉफ्टवेअरची निवड सर्वांत शेवटी करावी. या नोंदींना आपण कोणते प्रश्न विचारणार आहोत, हे आधी लिहून काढावे.

कोणती वस्तू कधी, कितीला घेतली आणि कोणत्या शाखेत आहे, एवढे डेड स्टॉक रजिस्टरही सांगते. सीएमडीबीने सांगायचे ते हे की, मुख्य कार्यालयातील अमुक नेटवर्क स्विच बंद पडला तर कोणत्या शाखांचे सीबीएस (कोअर बँकिंग सिस्टीम, म्हणजे सर्व शाखांचे व्यवहार चालवणारी मध्यवर्ती यंत्रणा) थांबेल आणि कोणत्या सेवा चालू राहतील. म्हणजे वस्तूंपेक्षा त्यांच्यातील अवलंबित्वाची नोंद महत्त्वाची. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१८ मध्ये नागरी सहकारी बँकांसाठी जी मूलभूत सायबर सुरक्षा चौकट दिली, तिच्यातील मालमत्ता नोंदवहीतही प्रत्येक मालमत्तेशी निगडित अ‍ॅप्लिकेशन, तिचे महत्त्व आणि ग्राहकांची माहिती कोणत्या यंत्रणांवर साठवली आहे, हे रकाने अपेक्षित आहेत. आपल्या आखणीचा पाया तोच ठेवावा.

सांगलीत ठिकाणाच्या रकान्याकडे विशेष लक्ष द्यावे लागते. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. म्हणून ‘मारुती चौक शाखा’ एवढे लिहून भागत नाही. मजला, रॅक आणि जमिनीपासूनची उंचीही लिहावी. समजा, सर्व्हर दुसऱ्या मजल्यावर आहे, पण त्याला वीज देणारा यूपीएस आणि त्याच्या बॅटऱ्या तळमजल्यावरील जिन्याखाली आहेत. नुसत्या यादीत हा सर्व्हर सुरक्षित दिसतो. ‘या सर्व्हरला वीज कोठून मिळते’ हा संबंध नोंदलेला असेल तरच धोका दिसतो. इशारा पातळी गाठताच काय आधी बंद करायचे आणि काय वर हलवायचे, याचा क्रमही याच संबंधांवरून ठरवता येतो.

व्याप्ती मात्र आवरावी. सुरुवातीला फक्त सीबीएसची साखळी घ्यावी: अ‍ॅप्लिकेशन, डेटाबेस, सर्व्हर, फायरवॉल, लीज्ड लाइन, शाखेतील राउटर आणि यूपीएस. माउस आणि कीबोर्ड डेड स्टॉकमध्येच राहू द्यावेत. प्रत्येक रकान्यासाठी तो कोण आणि कोणत्या प्रसंगी बदलणार, हे ठरवावे. ज्याला धनी नाही असा रकाना काढून टाकावा. ओळख अनुक्रमांकावरून ठेवावी, कारण संगणकाचे नाव फॉरमॅट केल्यावर बदलू शकते. आवृत्तीचा रकाना नक्की ठेवावा. विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. असे कोणते संगणक कोणत्या काउंटरवर आहेत, हे एका शोधात कळले पाहिजे.

साधनांपैकी जीएलपीआय आणि आयटॉप ही दोन्ही मुक्तस्रोत साधने पाहण्यासारखी आहेत. परिणामांचा आराखडा पाहण्यासाठी मला आयटॉप अधिक पसंत आहे. नेटवर्कवरून आपोआप माहिती गोळा करणारा एजंट (संगणकावर बसवलेला छोटा प्रोग्राम) यंत्र आणि आवृत्ती सांगेल, पण त्या यंत्राची जबाबदारी कोणाची आणि ते बंद पडल्यास कोणते कामकाज अडते, हे माणसानेच भरावे लागते.

खरी कसोटी नंतर लागते. एएमसीचा (वार्षिक देखभाल कराराचा) इंजिनिअर शनिवारी शाखेत येऊन राउटर बदलून जातो आणि सोमवारपासून नोंद खोटी ठरते. नोंद सुधारल्याखेरीज बदलाची विनंती बंद होणार नाही आणि कामाच्या अहवालावर शाखाधिकाऱ्यांची सही होणार नाही, हा नियम व्यवस्थापनाकडून लेखी मंजूर करून घ्यावा. शिवाय दर महिन्याला एका शाखेत जाऊन काही वस्तू नोंदीवरून जागेवर आणि काही जागेवरून नोंदीत तपासाव्यात. पासवर्ड यात कधीही ठेवू नयेत, आणि सीएमडीबीची अद्ययावत प्रत पूररेषेबाहेरील डीआर केंद्रावर (आपत्तीत कामकाज चालू ठेवण्यासाठीच्या पर्यायी केंद्रावर) असावी.