स्पीकर घ्यायला निघालास? आधी हे ऐक

लातूरहून संभाजीनगरला स्पीकर ऐकायला चाललास ना, मग रिकाम्या हाताने जाऊ नको. रोजच्या ऐकण्यातली चार गाणी पेनड्राइव्हवर ने. दुकानदाराच्या चकचकीत रेकॉर्डिंगवर सगळंच गोड लागतं.

ज्या दोन जोड्यांतून निवडायचंय, त्यांचा आवाज मोबाइलच्या डेसिबल मीटरवर (आवाज किती मोठा ते मोजणारं अ‍ॅप) सारखा करून घे. एखादा डेसिबल जास्त असला तरी तोच स्पीकर सरस वाटतो; मी असाच फसलोय, राव! मग तबला लाव. डग्ग्याचा घुमारा तळहाताच्या दाबाने वर सरकताना कळतो, का नुसतंच धब्ब? गायकाचा श्वास ऐकू येतो का?

दुकानात गालिचा-पडदे असतात, आपल्याकडे शहाबादी फरशी अन् मोकळ्या भिंती. तिथं खणखणीत वाटलेला घरी कानाला टोचतो. भिंतीला चिकटवला की बास, म्हणजे खालचा जाड आवाज, फुगतो, ते वेगळंच. दोन दिवस घरी न्यायला देतात का, विचार.