मुलगी टेक्सटाइल आर्ट घेतेय म्हणजे आठवडाभर करणार काय?

ताई, तुमचं पत्र वाचलं. "लेक म्हणते टेक्सटाइल आर्टच करणार, आम्हाला वाटतं हे म्हणजे शिवणक्लासच, दिवसभर नक्की करणार काय?" असं तुम्ही विचारलंय. शिवणकाम यात अगदी थोडं असतं हो. एक आठवडा कसा जातो ते सांगते, मग तुम्हीच ठरवा.

सोमवारी बहुतेक ग्राफ पेपर आणि कॅल्क्युलेटर, हो गणित! ४० सेंटीमीटर रुंद कापड, दर सेंटीमीटरला १० धागे, म्हणजे ताण्याचे, म्हणजे मागावर ताणलेले उभे, ४०० धागे झाले. लांबीही जास्तीची धरायची कारण विणताना कापड आखडतं आणि शेवटचा तुकडा मागावर वायाच जातो. मग पुढचे दोन दिवस ते ४०० धागे एकेक करून हेडलच्या, म्हणजे धागे वर-खाली करणाऱ्या तारेच्या, डोळ्यातून आणि मग धाग्यांमध्ये सारखं अंतर ठेवणाऱ्या फणीतून ओवायचे, पाठ मोडून येते, आणि एक धागा जरी चुकीच्या हेडलमधून गेला तरी ती चूक कापडभर उभी रेघ होऊन दिसत राहते, मग काय, तेवढं सोडवा आणि परत ओवा. मी पाहिलेल्या मुलांपैकी जी कंटाळली ती इथेच कंटाळली, चित्रकला कच्ची म्हणून नाही. प्रत्यक्ष विणायला धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारं साधन, हातात येईपर्यंत निम्मा आठवडा संपलेला असतो.

गुरुवारी डाय लॅब, म्हणजे रंगाची प्रयोगशाळा, आणि मला स्वतःला सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच. नीळ पाण्यात विरघळतच नाही, म्हणून रंगाच्या हौदात रासायनिक क्रियेने तिचं रूप बदलतात (याला रिडक्शन म्हणतात) तेव्हा कुठे ती विरघळून धाग्यात शिरते, कापड बाहेर काढलं की हिरवट पिवळं दिसतं आणि हवा लागली की डोळ्यांदेखत निळं होतं. हे सगळं केमिस्ट्रीच आहे, फक्त हात रंगतात. मंजिष्ठेचा लाल रंग टिकवायचा तर आधी तुरटी लागते, साधारण १०० ग्रॅम लोकरीला १५ ग्रॅम, आणि प्रत्येक वेळी वजन, वेळ, तापमान वहीत लिहून शेजारी नमुन्याचा तुकडा चिकटवायचा. ही वही नीट ठेवली नाही तर तोच रंग पुन्हा काढता येत नाही.

शुक्रवारी क्रिटिक, सगळ्यांसमोर तुमच्या कामावर बोलतात, कधी रडू पण येतं. शनिवार-रविवार राहिलेलं विणकाम.

पुढे काम काय तर प्रिंट डिझाइन, विणकामाचं डिझाइन, नाटक-सिनेमाचे कपडे, म्युझियममधली जुनी कापडं सांभाळणं, रंग जुळवणं असं बरंच आहे, त्यावर नंतर बोलू.

आधी एक करा. जाड पुठ्ठ्याला दोन्ही कडांना खाचा पाडून उभा दोरा गुंडाळा, झाला माग, आणि तिला तळहाताएवढं कापड विणायला द्या. सुंदर झालं का ते बघू नका. मधेच ओळ चुकलेली दिसली की ती उसवते का तशीच पुढे रेटते तेवढं गुपचूप बघा आणि मला कळवा.